क्लच नसलेला दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

मोहफुलाचा वास तुमच्या ओळखीचा असेल तर पुढचं सगळं लवकर कळेल. गोड, जरासा आंबूस, रात्रभर झाकून ठेवलेल्या भातासारखा. एप्रिलचा पहिला आठवडा होता. पहाटे साडेपाचला मी गडचिरोली जिल्ह्यातल्या आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलो आणि तो वास सरळ हेल्मेटमध्ये शिरला.

नागपूर सोडून तिसरा दिवस. गाडी शंभर सीसीची, माझ्यासारखीच निवृत्तीला आलेली. पुढे साठ-पासष्ट किलोमीटर सागाचं जंगल. बेत असा की आठला भामरागड गाठायचं, नाश्ता करायचा, मागे फिरायचं आणि अंधाराआधी सिरोंचा. वाटेत मोहाच्या झाडांखाली बायका-पोरं वाकून फुलं वेचत होती. मी पाहिलं. थांबलो मात्र नाही. वेळापत्रक होतं ना!

पेरमिली मागे पडलं. एका नाल्याच्या उतारावर क्लच दाबला तर दांडी नुसतीच हँडलला जाऊन टेकली. गाडी दोन आचके देऊन बंद. वायर तुटली होती. दोन दिवस क्लच जड लागत होता, म्हणजे आतली एकेक तार सुटत होती, आणि मी ‘बघू पुढे’ म्हणत आलो होतो. डब्यात प्लग होता, ट्यूब होती, पंक्चरचं सामान होतं. क्लच वायर तेवढी नव्हती.

रस्त्याकडेच्या मोहाखाली एक म्हातारी आणि तिची दोन नातवंडं होती. म्हातारी माडियात, म्हणजे इथल्या माडिया आदिवासींच्या बोलीत, काहीतरी बोलली. दहा-अकरा वर्षांची नात आश्रमशाळेत शिकणारी, तिने मराठी करून सांगितलं, “आजी विचारते, गाडी मेली का जी?”

“मेली नाही, हात मोडला तिचा,” मी म्हणालो. हे तिने आजीला काय करून सांगितलं कोण जाणे, आजी बराच वेळ हसत होती.

मग बसलोच तिथे. मोहाची फुलं रात्री उमलतात आणि पहाटेपासून गळायला लागतात, त्यामुळे उन्हं चढायच्या आत वेचावी लागतात. उशीर केला तर गुरं आणि हरणं खाऊन जातात; फार लवकर गेलं तर अंधारात अस्वलाशी गाठ पडते, कारण त्यालाही हीच फुलं हवी असतात. झाडाखालचा पाचोळा आधीच जाळून जमीन काळी केलेली, म्हणजे पिवळट फूल चटकन दिसतं. हीच आग कधी जंगलात पसरते, तेही खरं. कुठलं झाड कुठल्या घराचं हे ठरलेलं. “हे आमचं, ते काकाचं,” नात म्हणाली. सरकारी जंगलातली ही मालकी कुठल्या सातबाऱ्यावर नसते, पण काकाच्या झाडाखालचं एक फूल तिने उचललं नाही. माझ्या ओंजळीत मात्र आजीने स्वतःच्या टोपलीतली मूठभर टाकली. कच्चं फूल रसरशीत गोड. तिसऱ्या-चौथ्याला घशाशी येतं.

आता क्लचशिवाय गाडी कशी चालवायची, ते सांगतो. इंजिन न्यूट्रलमध्ये चालू ठेवायचं, मागून कोणीतरी ढकलायचं, आणि गाडी पळायला लागली की पहिला गिअर टाकायचा. गाडी उसळी मारते. घट्ट धरून राहायचं. पुढचे गिअर अॅक्सिलरेटर क्षणभर सोडून पडतात. पडतात म्हणजे, खडखडत पडतात. थांबणं त्याहून वाईट, कारण थांबलात की पुन्हा ढकलायला माणूस हवा.

नात आणि तिचा भाऊ यांनी अशी काही ढकलली की दुसरा गिअर पडला तरी ती दोघं मागून ओरडत धावतच होती.

पुढचे तास-दीड तास मी दुसऱ्या गिअरमध्ये होतो. बैलगाडीपेक्षा जोरात, बसपेक्षा हळू. गावाबाहेर पुरलेले उभे दगड दिसले, माडियांनी आपल्या गेलेल्या माणसांसाठी रोवलेले. कुसुमाची लाल कोवळी पालवी दिसली. एका पोलीस चौकीवर जवानाने हात आडवा केला. मी लांबूनच ओरडलो, “साहेब, क्लच नाही!” थांबलो अर्थातच. त्याने कागद पाहिले, बॅग उघडायला लावली, मग बंदूक सोबत्याकडे दिली आणि स्वतः धक्का मारला.

ताडगावला चहासाठी मुद्दाम उताराची जागा शोधली. हेमलकसा लागलं. 1973 साली बाबा आमट्यांनी इथे लोक बिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा पावसाळ्यात ही वाट बंदच व्हायची. त्या रस्त्यावर मी एका तारेसाठी कुरकुरत होतो.

भामरागडला पोचायला साडेअकरा झाले. क्लच वायर तिथेही मिळाली नाही. सायकलवाल्याने सायकलच्या ब्रेकची वायर दुहेरी करून बसवली आणि म्हणाला, “आलापल्लीपर्यंत जाईल जी. घडीघडी दाबू नका.” सिरोंचा राहिलं. संध्याकाळी मी पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती जिथे एकत्र येतात त्या वाळूत बसलो. पलीकडे छत्तीसगड. एक माणूस पाण्यात उभा राहून जाळं झटकत होता, अंधार पडेपर्यंत.

दुसऱ्या सकाळी परतताना त्याच मोहाखाली थांबलो. गाडी दिसताच दोन्ही पोरं टोपल्या टाकून पळत आली आणि काही न विचारता मागे जाऊन उभी राहिली. क्लच दुरुस्त झाल्याचं मी सांगितलं नाही. गाडी न्यूट्रलमध्ये घेतली आणि म्हणालो, “हं, ढकला.”