आधी शाईची मर्यादा, मग प्रोफाइल

(दृश्य: लातूर, ट्यूशन एरियातले फलक)

निकाल लागला की लातूरच्या ट्यूशन एरियात गुणवंतांचे चेहरे फलकांवर झळकतात. हे दोन फलक बघा. फाइल एकच, फोटो एकच, पण एका फलकावर चेहरा गव्हाळ आहे आणि दुसऱ्यावर विटकरी. दोष प्रोफाइलला, म्हणजे मशीन, शाई आणि रोल मिळून रंग कसे उमटतात हे सांगणाऱ्या फाइलला दिला जातो. खरी चूक बहुतेकदा त्याच्याही आधीची असते. विनाइलच्या, म्हणजे छपाईच्या प्लास्टिक पत्र्याच्या, या रोलला किती शाई झेपेल, हे कुणी तपासलेलंच नसतं.

(दृश्य: मशीनमधून बाहेर येणारं ओलं विनाइल, जवळून)

काळ्या पट्ट्यातली पांढरी अक्षरं कडेनं बुजत चालली आहेत. गडद भागात शाई गोळा होऊन डाग पडलेत. सायन (निळसर), मॅजेंटा (गुलाबी), पिवळा आणि काळा हे चारही रंग पूर्ण, म्हणजे प्रत्येकी 100 टक्के, सोडले तर बेरीज 400 टक्के होते, आणि तेवढी शाई विनाइल धरत नाही. अशा छपाईवर प्रोफाइल बनवलं तर त्यात हा चिखलच मोजला जातो.

म्हणून आधी नॉझल चेक, म्हणजे शाईची सगळी छिद्रं चालू आहेत का ते दाखवणारी चाचणी छपाई. रेघ तुटकी दिसली तर हेड साफ करून पुन्हा. पास, म्हणजे एका जागेवरून हेड किती वेळा फिरणार, ते ठरवायचे, इको-सॉल्व्हेंट शाईला प्रिंट हीटर 40 अंशांच्या आसपास ठेवायचा आणि मग दोन्हींना हात लावायचा नाही.

(दृश्य: सायनची पट्टी, त्यावरून सरकणारा स्पेक्ट्रो, म्हणजे रंग मोजणारं यंत्र)

रिपमध्ये, म्हणजे फाइल मशीनसाठी तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कलर मॅनेजमेंट बंद करून एकेका रंगाची पट्टी काढली आहे, 0 ते 100, पाच-पाच टक्क्यांनी. सायन आधी भरदार होत जातो. मग एका चौकोनापासून शाई वाढते, पण रंग खुलत नाही, उलट जांभळ्याकडे वळतो. मॅजेंटा असाच लालाकडे झुकतो. नुसती डेन्सिटी, म्हणजे रंगाचा गडदपणा, बघणारा इथे फसतो, कारण तो आकडा चढतच राहतो. बघायचा तो क्रोमा, म्हणजे रंगाचा भडकपणा. तो जिथे थांबला, तिथे त्या रंगाची मर्यादा. काळ्याला क्रोमा नाही, त्यामुळे तिथे डेन्सिटीच बघायची.

त्यानंतर लिनिअरायझेशन, म्हणजे हलक्यापासून गडदपर्यंतचे टप्पे सारखे करणं. ते रिप स्वतः करतं.

(दृश्य: एकूण शाईचा तक्ता, बोटानं पुसून बघताना)

आता एकूण मर्यादा. दोन, तीन आणि चार रंगांची मिश्रणं, 200 पासून 400 टक्क्यांपर्यंत, वीस-वीसनं वाढत जाणारी. प्रत्येक चौकोनात बारीक पांढरं अक्षर आहे. अक्षर भरलं, कड पसरली, बोटाला शाई लागली, तर तो चौकोन बाद. शेवटचा स्वच्छ चौकोन सापडला की त्याच्याही एक टप्पा मागे यायचं, कारण पावसाळ्यात दमट हवेत शाई उशिरा वाळते. विनाइलवर हा आकडा बहुधा 220 ते 300 टक्क्यांच्या मध्ये येतो. साध्या, कोटिंग नसलेल्या कागदावर आणखी खाली.

एवढं झाल्यावरच प्रोफाइलचा तक्ता छापायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि मोजायचा. काळी शाई जास्त वापरणारी सेटिंग निवडली की करड्या छटा स्थिर राहतात.

मर्यादा पाळली की शाई वाचते, आणि लॅमिनेशनखाली विनाइलच्या कडा उचलत नाहीत. मात्र लॅमिनेशनआधी 24 तास थांबायचंच.

(दृश्य: संगणकाचा पडदा, फाइलचं नाव टाइप होताना)

प्रोफाइलच्या नावातच रोलची कंपनी, पास, हीटर आणि एकूण मर्यादा लिहायची. यातलं एक जरी बदललं, तरी सुरुवात पुन्हा सायनच्या पट्टीपासून.