लाटांपलीकडे फेकायचं रील कसं निवडावं

टेबलावर मासे गळाला लावायच्या काठीची दोन रीलं ठेवली आहेत. उजवीकडचं स्पिनिंग रील बहुतेकांच्या ओळखीचं आहे. त्याचं स्पूल, म्हणजे दोरा गुंडाळायची फिरकी, जागचं हलत नाही; फेकताना तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघून जातो. डावीकडचं कन्व्हेन्शनल, ज्याला काही जण मल्टिप्लायर म्हणतात. याचं स्पूल काठीला आडवं बसतं आणि तंगूस बाहेर पडताना ते स्वतः फिरतं. आज या डावीकडच्या रीलबद्दल जे बोलायचं आहे ते सगळं या एका फरकातून निघतं.

दुकानात रील हातात घेतलं की आपण लगेच हँडल फिरवून बघतो. ओढायला कसं आहे, ड्रॅग (मासा जोरात ओढतो तेव्हा तंगूस घसरू देणारा ब्रेक) किती किलोचा आहे, बेअरिंगं किती आहेत. होडीतून गळ सोडणाऱ्याला हे प्रश्न ठीक आहेत, कारण त्याचं शिसं, म्हणजे तंगुसाच्या टोकाचं वजन, सरळ खाली जातं. किनाऱ्यावरच्या माणसाला आधी फेकायचं असतं, म्हणून त्याने रीलकडे सोडण्याचं यंत्र म्हणून बघावं.

थोडं गणित करू. १५० ग्रॅमचं शिसं सेकंदाला ४० मीटर वेगाने सुटलं असं धरा. भरलेल्या स्पूलचा व्यास ५० मिलिमीटर, म्हणजे घेर १५७ मिलिमीटर. भागाकार केला तर सेकंदाला अडीचशेच्या वर फेरे होतात, मिनिटाला पंधरा हजार. अंगठा उचलला की क्षणार्धात स्पूल शून्यापासून इथवर पोचतं. पुढच्या क्षणी हवेच्या विरोधाने शिसं मंदावायला लागतं, पण स्पूलला त्याचा पत्ता नसतो, ते आपल्याच मस्तीत फिरत राहतं. शिसं जेवढा तंगूस ओढतंय त्याहून जास्त स्पूल सोडायला लागलं की गुंता झालाच. फेक संपताना, शिसं पाण्यात पडतं तेव्हाही हेच होतं, फक्त तिथे अंगठा टेकवायला वेळ मिळतो.

म्हणून पहिली गोष्ट स्पूलची. स्पूल हलकं असेल तर लवकर वेग घेतं आणि लवकर आवरतंही. ०.३५ मिलिमीटरचा तंगूस २५० मीटर भरला तरी त्याचं वजन जेमतेम २७ ग्रॅम भरतं. बाकीचा भार स्पूलच्या धातूचा. पितळ ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड, त्यामुळे क्रोम चढवलेलं जुनं पितळी स्पूल दिसायला कितीही देखणं असलं तरी फेकायला नको. प्लास्टिकचं स्पूल हलकं असतं, पण त्याची अडचण वेगळी. मोठ्या ओढीखाली गुंडाळलेला नायलॉन ताणलेला असतो, तो आकसताना स्पूलच्या दोन्ही कडांना बाहेर रेटतो. कडा फाकते, बाजूच्या प्लेटला घासते, कधी तडकते. ॲल्युमिनियमच घ्या. चौकटीबाबतही माझं मत तेच. ग्राफाइटची चौकट गंजत नाही हे खरं, पण ताणाखाली ती किंचित जरी पिळवटली तरी स्पूलचा आस सरळ राहत नाही.

आता ब्रेक. हे रील उघडून दाखवतो. स्पूलच्या बाजूला या बारीक खिळ्या दिसतात, त्यांवर ओवलेले हे ठोकळे पाहा. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे. स्पूल फिरलं की ते बाहेर फेकले जातात आणि या कड्याला घासतात. हा सेंट्रिफ्युगल ब्रेक. वेग दुप्पट झाला की ठोकळ्याचा रेटा चौपट होतो, त्यामुळे फेकीच्या सुरुवातीला, जिथे गुंत्याचा धोका सगळ्यात मोठा, तिथे तो जोरात लागतो आणि पुढे आपोआप सैल पडतो. ठोकळे नेहमी समोरासमोर जोडीने बसवायचे. एकाच बाजूला बसवले तर स्पूल थरथरतं. या कड्यावर चुकून तेलाचा थेंब पडला तर ठोकळे घसरतात. काल नीट चालणारं रील आज गुंते करायला लागलं, तर आधी हे कडं कोरड्या फडक्याने पुसून बघा.

दुसरा प्रकार चुंबकाचा. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही, पण चुंबकाजवळ ते फिरलं की त्यात वीजप्रवाहाचे भोवरे तयार होतात आणि ते फिरण्याला विरोध करतात. घासणं नाही, झीज नाही. चुंबक स्पूलच्या किती जवळ आहे यावर जोर ठरतो, आणि तो बाहेरच्या बटणाने बदलता येतो. समोरून वारा सुटला, शिसं बदललं, अंधार पडला, की बटण दोन घरं पुढे. ठोकळे बदलायला मात्र प्लेट उघडावी लागते, आणि ओल्या वाळूत उभं राहून तो उद्योग करायचा नसतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याने बाहेर बटण असलेला चुंबकी ब्रेकच घ्यावा. पहिल्या दिवशी तो पूर्ण लावा, आणि फेक सलग गुळगुळीत झाली की एकेक घर कमी करा.

बाजूचा हा छोटा स्क्रू म्हणजे आसाचा ताण. पुष्कळ जण तो ब्रेक म्हणून आवळतात. आवळलात तर आसाची टोकं दाबली जातात, घासतात, तापतात. स्पूल अंगठ्याने डावी-उजवीकडे हलवलं तर जेमतेम जाणवेल इतकी मोकळीक ठेवायची.

बेअरिंगांबद्दल दोन वाक्यं. डब्यावर आठ लिहिलंय की दहा, याला अर्थ नाही. फेकीला कामाची फक्त दोन, स्पूलच्या दोन टोकांची. त्यांतलं तेलही एक ब्रेकच आहे: पातळ तेल घातलं तर स्पूल सुसाट, घट्ट तेल घातलं तर शांत. ग्रीस तिथे नको, ते गिअरांसाठी.

आकार तंगुसावरून ठरवा. वाळूच्या किनाऱ्यावर ०.३५ मिलिमीटरचा २५० मीटर तंगूस पुरतो. खडकाळ जागी जाड तंगूस लागतो, म्हणून थोडं मोठं रील. रीलवर क्षमता एकाच जाडीची छापलेली असते. दुसऱ्या जाडीसाठी व्यासांच्या वर्गाचा हिशोब करायचा. ०.४० मिलिमीटरचा २५० मीटर बसत असेल तर ०.३५ चा साधारण ३२५ मीटर बसेल. भरताना काठापासून दोन-तीन मिलिमीटर मोकळे सोडा. काठोकाठ भरलेलं स्पूल स्वतःहून गुंता करतं, आणि फार रिकामं असेल तर फेक आखूड पडते.

हाच व्यास गिअरच्या हिशोबातही येतो. ६.१ ला १ असा गिअर (हँडलचा एक फेरा, स्पूलचे ६.१) आणि ५० मिलिमीटर व्यास असेल तर हँडलच्या एका फेऱ्यात सुमारे ९५ सेंटिमीटर तंगूस परत येतो. बराच तंगूस बाहेर जाऊन व्यास ३५ झाला की तोच फेरा ६७ सेंटिमीटरवर येतो. खडकांवरून शिसं झटकन वर उचलायचं असेल तर सहाच्या आसपासचा गिअर हवा. चारचा गिअर ताकदीचा, पण तेवढ्या वेळात शिसं कपारीत अडकून बसतं. ड्रॅगचं उलट होतं. भरलेल्या स्पूलवर ३ किलोला लावलेला ड्रॅग व्यास ३५ झाल्यावर जवळजवळ सव्वाचार किलोला सुटतो. मासा लांब गेल्यावर तंगूस का तुटला, याचं उत्तर पुष्कळदा इथे असतं. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश इतकाच ड्रॅग लावा, तोही वजनकाट्याला तंगूस बांधून, ओढून. ७ किलोच्या तंगुसाला २ किलो झाला. मग जाहिरातीतले ‘कमाल ९ किलो’ घेऊन काय करायचं? त्यापेक्षा ड्रॅग सुटताना हिसका देतो का ते बघा.

ड्रॅग लावायला स्टार, म्हणजे हँडलजवळची चांदणीसारखी चक्री, की लिव्हर, म्हणजे दांडा? किनाऱ्यावर स्टार. लिव्हर ड्रॅगच्या बहुतेक रीलांत ड्रॅगची चकती स्पूललाच जोडलेली असते आणि फेकताना तिचं वजनही फिरवावं लागतं. स्टार ड्रॅग गिअरवर असतो. क्लच (स्पूल गिअरपासून मोकळं करणारा खटका) सोडला की स्पूल एकटं. गंमत म्हणजे स्टारही आला होडीतूनच. विल्यम बॉशेन यांच्या कल्पनेवरून ज्युलियस फॉम होफ यांनी तसं रील बनवलं आणि १९१३ साली बॉशेन यांनी त्यावर स्वोर्डफिश धरला.

लेव्हलविंड, म्हणजे तंगूस आपोआप सारखा गुंडाळणारी यंत्रणा, सोयीची आहे. पण तिच्या स्क्रूच्या खाचांत वाळू बसते, आणि लीडरची, म्हणजे तंगुसाच्या टोकाला जोडलेल्या जाड तुकड्याची, गाठ तिच्या अरुंद कडीतून वेगाने जाताना अडकते. लांब फेकायचं असेल तर ती नसलेलं रील घ्या आणि परत गुंडाळताना डाव्या अंगठ्याने तंगूस इकडून तिकडे सरकवा. एका जागी ढीग झाला तर तो पुढच्या फेकीत कोसळतो.

लीडरला फाटा देऊ नका. हिशोब जुना आहे: शिशाच्या दर औंसामागे १० पाउंड. १५० ग्रॅम म्हणजे पाच औंसांच्या वर, म्हणून ६० पाउंडाचा. ४ मीटरच्या काठीसाठी सात-आठ मीटर लीडर लागतो, म्हणजे शिसं लोंबत असतानाही सहा-आठ वेढे स्पूलवर राहतात. काठी झटकतानाचा सगळा ताण त्या वेढ्यांवर येतो. लीडर नसेल आणि तंगूस तुटला तर ते शिसं कुठल्याही दिशेला जाऊ शकतं, आणि किनाऱ्यावर माणसं असतात. गाठ स्पूलच्या कडेला ठेवा, अंगठ्याच्या विरुद्ध बाजूला. मध्ये राहिली तर अंगठ्याचं कातडं सोलून जाईल.

मगाशी चिठ्ठीवर प्रश्न आला की वेणीचा दोरा चालेल का. चालतो, पण सैल गुंडाळला गेला तर मोठ्या ओढीखाली वरचा वेढा खालच्या वेढ्यांत रुततो, आणि पुढची फेक मध्येच थांबून तुटते. अंगठाही कापतो. शिकताना नायलॉनच बरा. गुंता झाला तरी सुटतो. आणि चाळीस-पन्नास ग्रॅमच्या आतलं आमिष फेकायचं असेल तर हे रील बाजूला ठेवून स्पिनिंग उचला. हलकं वजन या स्पूलला फिरवू शकत नाही.

घेण्याआधी ते काठीवर बसवून बघा. अंगठा स्पूलवर सपाट टेकतो का, की वरचा दांडा आडवा येतो? ओल्या हाताने क्लचचं बटण दाबता येतं का? बाजूची प्लेट हत्यारांशिवाय किंवा एका स्क्रूवर उघडते का? वाळू आत जाणारच आहे, तेव्हा उघडायला सोपं असलं की झालं.

घरी आल्यावर ड्रॅग आवळून गोड्या पाण्याची हलकी शिंपण द्या. जोराचा फवारा नको, तो मीठ आणि वाळू आत ढकलतो. सुकलं की ड्रॅग पूर्ण सैल करून ठेवा. आवळलेलाच राहिला तर चकत्या एकमेकींना चिकटतात, आणि पुढच्या वेळी मासा पहिला झटका देतो तेव्हा ड्रॅग सुटायच्या आधी तंगूस तुटतो.