पुळणीवरचा वारा आणि अठरा होल

श्रोतेहो, नमस्कार.

काणकोणला राजबागच्या पुळणीलगत नऊ होलचे एक गोल्फ मैदान आहे. ग्रीन, म्हणजे चेंडू घालायचा खळगा असलेली आखूड गवताची हिरवळ, नऊच, पण प्रत्येक ग्रीनसाठी दोन वेगवेगळे टी, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागा, आखलेले असल्यामुळे दोन फेऱ्यांत अठरा होलचा डाव पुरा होतो. गेल्या जानेवारीत सकाळी सव्वासातच्या सुमारास मी तिथल्या एका टीवर समुद्राकडे तोंड करून उभा होतो. ग्रीन साधारण दीडशे यार्डांवर होते. आयर्न म्हणजे लोखंडी टोकाची काठी, म्हणजेच क्लब; त्याचा नंबर जितका लहान, तितका चेंडू लांब जातो. माझा सात नंबरचा आयर्न नेहमी तेवढेच अंतर काटतो, म्हणून तोच घेतला. तर चेंडू ग्रीन ओलांडून थेट पलीकडच्या झुडपांत गेला. साडेअकराच्या सुमारास दुसऱ्या फेरीत त्याच ग्रीनपाशी आलो तेव्हा पहिल्या चुकीने शहाणा होऊन मी आठ नंबर काढला. माझ्याबरोबरचा कॅडी, म्हणजे क्लबांची पिशवी वाहणारा आणि सल्ला देणारा सोबती, पैंगीणचा एक तरुण, हळूच म्हणाला, ‘‘बाब, सकाळी वारा डोंगराकडून होता, आता दर्याकडून फिरलाय. पाच नंबर घ्या.’’ मी त्याचे ऐकले नाही, आणि चेंडू ग्रीनच्या पुरता वीस पावले अलीकडे वाळूत रुतला.

रात्री जमिनीकडून समुद्राकडे वाहतात ते मतलई वारे आणि दिवसा समुद्राकडून जमिनीकडे वाहतात ते खारे वारे, ही व्याख्या आपण सगळ्यांनी शाळेत घोकलेली असते. मला तिचा उपयोग चाळीस वर्षांनी झाला.

ही हकीकत सांगायचे कारण असे की, गोल्फ खेळण्यासाठी म्हणून सुट्टी काढायची झाली तर कुठे जावे, असे मला अनेकजण विचारतात, आणि विचारताना त्यांच्या हातात बहुधा एखादे रंगीत माहितीपत्रक असते. त्यातल्या छायाचित्रात हिरवळ असते, निळे पाणी असते, मावळता सूर्य असतो. वारा मात्र नसतो आणि उतारही दिसत नाही. माझा अनुभव असा की, मैदानाला देखणेपण देणारी गोष्टच त्याला अवघड करते: समुद्र असेल तर वारा, डोंगर असेल तर विरळ हवा आणि फसवा चढउतार, जुने जंगल असेल तर अरुंद वाट. तेव्हा तिथली जमीन आपल्याला कोणता फटका मारायला लावणार आहे, एवढे आधी कळले की जागा निवडणे सोपे जाते.

आपल्या गोव्याची आणखी एक अडचण आहे. इथे ज्यांना गोल्फची गोडी लागली आहे त्यांच्यातले पुष्कळजण हॉटेल आणि पर्यटनाच्या व्यवसायातले. ऑक्टोबरपासून मेपर्यंत त्यांना मान वर करायला फुरसत नसते, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू झाला की हात मोकळे होतात. म्हणजे आपली सुट्टी नेमकी पावसाळ्यात येते. म्हणून मी आधी त्याच दिवसांत जाण्याजोग्या जागांविषयी बोलतो.

त्यात पहिले नाव स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्सचे. समुद्र आणि शेतजमीन यांच्यामधल्या वालुकामय, खुरट्या गवताच्या पट्ट्याला तिकडे ‘लिंक्स’ म्हणतात. आपल्याकडे पुळणीच्या मागे सुरूची झाडे आणि वेली माजलेली जी जमीन असते, तिचीच ही थंड प्रदेशातली बहीण. शेतीला निरुपयोगी, म्हणून मेंढ्यांना आणि गोल्फला मोकळी राहिलेली. आज जगभर अठरा होलचा डाव मानला जातो तोही इथूनच आला. 1764 साली इथल्या बावीस होलचे अठरा केले गेले आणि पुढे तोच रिवाज सर्वत्र पसरला.

पहिल्या दर्शनात हे मैदान निराश करते, हे आधीच सांगून ठेवतो. सपाट, झाडाविना, कडेला गावातल्या करड्या दगडी इमारती. त्याची गंमत पायाखाली आहे. जमीन लाटेसारखी वरखाली होते, आणि तिच्या खळग्यांत खोल बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, असे दडलेले असतात की चेंडू आत पडेपर्यंत त्यांचा पत्ता लागत नाही. चौदाव्या होलवरच्या एका बंकरचे नावच ‘हेल’, म्हणजे नरक. बहुतेक ग्रीन जोडग्रीन आहेत: जाताना एक होल आणि परतताना दुसरा, दोन्ही एकाच अवाढव्य हिरवळीवर. दुसरा आणि सोळावा, तिसरा आणि पंधरावा, चौथा आणि चौदावा अशा या जोड्या. कोणत्याही जोडीची बेरीज करा, अठराच येते. सतराव्या होलला ‘रोड होल’ म्हणतात. तिथे पहिला फटका हॉटेलच्या आवारातल्या शेडच्या कोपऱ्यावरून, पलीकडचे काही न दिसता मारावा लागतो. पुढे ग्रीन अरुंद, त्याच्या तोंडाशी खोल बंकर आणि पाठीशी डांबरी रस्ता. चेंडू रस्त्यावर गेला तर तो रस्त्यावरूनच खेळायचा. गोव्यातला माणूस रस्त्यावर क्रिकेट खेळून मोठा झालेला असतो, त्यामुळे त्याला यात फारसे वावगे वाटू नये.

जूनअखेरीस तिथे रात्री दहापर्यंत उजेड असतो, म्हणजे एका दिवसात दोन डाव सहज होतात, अर्थात पाय साथ देत असतील तर. ओल्ड कोर्सवर पाहुण्यांना जागा मिळते ती मुख्यतः सोडतीने, आणि सोडत दोन दिवस आधी निघते. रविवारी ओल्ड कोर्स खेळासाठी बंद असतो. त्या दिवशी गावातले लोक कुत्री घेऊन तिथे फिरतात. मला ही प्रथा फार आवडते. म्हणून तिथे जायचे तर चार-पाच दिवस हातात ठेवावेत. त्याच गावात शेजारी आणखी मैदाने आहेत, सोडतीत नाव येईपर्यंत तिथे खेळता येते.

दुसरी जागा पोर्तुगालची. आपल्या शेजारच्या एखाद्या घरातले कोणी ना कोणी लिस्बनला असतेच, तेव्हा हा प्रवास गोवेकराला परका वाटत नाही. दक्षिणेच्या अल्गार्व्ह किनाऱ्यावर गोल्फ आणले हेन्री कॉटन या इंग्रज खेळाडूने; ब्रिटनची ओपन स्पर्धा त्याने 1934, 1937 आणि 1948 अशी तीनदा जिंकली होती. त्याने आखलेले पेनिना हे मैदान 1966 साली सुरू झाले, आणि ते ज्या जमिनीवर झाले ती होती भातशेतीची पाणथळ जमीन. आपल्या खाजन शेतात गोल्फचे मैदान करायला कोणी निघाला तर त्याला काय काय करावे लागेल याची कल्पना करून पाहा. कॉटनने चर खणले आणि जमिनीतले पाणी शोषून घेतील अशी झाडे हजारोंनी लावली. सपाट जमिनीत उतार आणता येत नाही, म्हणून तिथली कसोटी पाण्याची आणि झाडांची. कॉटन स्वतः तिथे खेळताना कॅडी म्हणून पॅसिफिको नावाचे गाढव घेऊन जात असे. त्या कॅडीने कधी चुकीचा क्लब सुचवला नसावा.

त्याच किनाऱ्यावर व्हाले दो लोबो इथे रॉयल कोर्सचा सोळावा होल आहे. पार तीन, म्हणजे तीन फटक्यांत पुरा व्हावा असा, पण टी आणि ग्रीन यांच्यामध्ये समुद्राकडे कोसळलेले लाल-पिवळ्या मातीचे कडे आहेत, आणि चेंडू त्या पोकळीवरून पार न्यावा लागतो. आपल्या सड्यांच्या कडा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना तो रंग ओळखीचा वाटेल. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे पाऊस जवळजवळ नसतो, उकाडा मात्र असतो. गोल्फचा खरा हंगाम तिथे वसंत आणि शरद ऋतूंतला, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात भल्या सकाळची वेळ मिळणे तुलनेने सोपे जाते.

देशाबाहेर जायचे नसेल तर काश्मीर. नैर्ऋत्य मोसमी पाऊस खोऱ्यात पोहोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो. गुलमर्गचे मैदान सुमारे 2,650 मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, चेंडूला होणारा अडथळा कमी होतो, आणि तो समुद्रसपाटीच्या तुलनेत साधारण दहा टक्के लांब जातो. म्हणजे राजबागला दीडशे यार्ड जाणारा फटका तिथे एकशे पासष्ट यार्डांपर्यंत पोहोचतो. पहिल्या दिवशी याचा आनंद होतो, कारण आपण तरुण झालो असे वाटते. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चेंडू ग्रीनच्या मागे सापडू लागला की हिशेब नव्याने मांडावा लागतो. डोंगराळ मैदानावर डोळाही फसतो. मागे मोठा डोंगर असला की त्याच्या पायथ्याचे ग्रीन सपाट भासते, किंवा उलट्याच बाजूला कललेले वाटते. प्रत्यक्षात पुटरने हलकेच ढकललेला चेंडू डोंगरापासून दूर, दरीकडे वळत जातो. अशा वेळी डोळ्यांपेक्षा कॅडीवर विश्वास ठेवावा, असे मी म्हणतो खरे; राजबागला मीच तो ठेवला नव्हता.

श्रीनगरमध्ये झबरवान डोंगराच्या पायथ्याशी, दल सरोवराजवळ, रॉबर्ट ट्रेंट जोन्स धाकटा याने आखलेले रॉयल स्प्रिंग्ज हे मैदान 2001 सालापासून आहे. गुलमर्गच्या मोकळ्या कुरणाच्या मानाने ते अधिक रेखीव, आणि म्हणून चुकीला अधिक कठोर. दोन्ही मैदाने एकाच प्रवासात, आधी श्रीनगर आणि मग गुलमर्ग अशा क्रमाने खेळावीत. अंतराचा बदल टप्प्याटप्प्याने अंगवळणी पडतो.

ज्यांना दिवाळीनंतर किंवा मार्चमध्ये आठवडाभर रजा मिळू शकते, त्यांच्यासाठी इतर जागा थोडक्यात सांगतो. सिमल्याजवळचे नालदेहरा, लॉर्ड कर्झनला ही जागा इतकी आवडली की त्याने मुलीच्या नावात ती गुंफली. देवदारांच्या दाट झाडीत चेंडू सरळ गेला नाही तर शोधण्याच्या भानगडीत पडू नये. शिलाँगचे मैदान 1898 सालचे, पाइनच्या झाडीतल्या दरीत वसलेले. तिथे मात्र पावसाळ्यात जाऊ नये, कारण पाऊस टाळायला निघालेला गोवेकर मेघालयात पोहोचला तर तो हसण्याचाच विषय होईल. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब 1829 सालचा, ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना; जमीन सपाट, पण जागोजागी तळी. दिल्ली गोल्फ क्लबचा लोधी कोर्स मला या सगळ्यांत अधिक विचार करायला लावणारा वाटतो. मुघलकालीन लाल बंगल्याचे घुमट मैदानातच आहेत, मोर बिनदिक्कत फेअरवे, म्हणजे टीपासून ग्रीनपर्यंतची कापलेल्या गवताची वाट, ओलांडतात, आणि दोन्ही बाजूंची काटेरी झुडपे इतकी जवळ येतात की जाणते खेळाडू अनेक होलवर ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब फटक्याचा क्लब, पिशवीतून काढतच नाहीत. ताकद दाखवायला आलेल्याची तिथे हमखास फजिती होते.

काही मैदानांचे अवघडपण मात्र माणसाने मुद्दाम घडवलेले असते. फ्लोरिडातल्या सॉग्रास इथला सतरावा होल त्यातला प्रसिद्ध. 1980 साली पीट डायने ते मैदान उभारले तेव्हा इतर होलसाठी वाळू उपसता उपसता तिथे मोठा खड्डा पडला, आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने त्या खड्ड्यात पाणी भरून मधोमध ग्रीनचे बेट ठेवावे असे सुचवले. अंतर अवघे 137 यार्ड, पण पाण्याने वेढलेले. कल्पना चतुर आहे यात शंका नाही. माझे मन मात्र तिथे रमत नाही. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचा सातवा होल त्याहूनही आखूड, शंभर यार्डांच्या जरासा वर, आणि तो खाली समुद्राकडे उतरतो; वारा पडलेला असेल तर पोरखेळ, आणि सुटला असेल तर भल्याभल्यांची परीक्षा. एका डावाची ग्रीन फी सहाशे डॉलरच्या वर आहे, एवढे सांगून मी ते नाव बाजूला ठेवतो.

गोव्यात बसून गोल्फवर बोलताना जमिनीचा विषय टाळता येणार नाही. अठरा होलच्या मैदानाला साधारण सव्वाशे-दीडशे एकर जमीन लागते, आणि उन्हाळ्यात ती हिरवी ठेवायला पाणी लागते तेही थोडेथोडके नव्हे. तेरेखोलला गोल्फ प्रकल्पाविरुद्ध गावकरी उभे राहिले तेव्हा काजूच्या जमिनीचा आणि कुळांच्या हक्कांचा प्रश्न त्यांच्यापुढे होता. मला हा खेळ प्रिय आहे; तरीही डोंगरउतारावरच्या बागायतीच्या बदल्यात मला तो नको. लिंक्स जमीन जिथे मुळातच ओसाड होती आणि पाऊसच तिला पाणी पाजतो, तिथे तो जन्मला, ही गोष्ट विसरून चालत नाही. आपल्याकडची छोटी मैदाने मला त्यामुळेच पुरेशी वाटतात: राजबागचे नऊ होल, साळ नदी जिथे समुद्राला मिळते त्या मोबोरला बारा होलचे, सगळे पार तीनचे, आणि बाणावलीला आखूड फटके आणि पुटिंग यांपुरते आणखी एक.

परदेशी किंवा काश्मीरला निघण्यापूर्वीची तयारीही इथेच होते. सकाळची आल्हाददायक वेळ सोडून दुपारी तीननंतर, खारे वारे जोरात असताना मैदानावर जावे. पिशवीत चारच क्लब ठेवावेत: पाच, सात आणि नऊ नंबरचे आयर्न आणि पुटर. चेंडू उंच उडवण्याऐवजी जमिनीलगत, वाऱ्याच्या खालून न्यायला शिकावे. उजवा हात वापरणाऱ्याने चेंडू किंचित उजव्या पायाकडे ठेवावा, अर्धाच झोका घ्यावा आणि फटक्यानंतर हात कमरेपाशी थांबवावेत. सेंट अँड्र्यूजला दिवसभर हाच फटका लागतो. हँडिकॅपचा, म्हणजे आपल्या खेळाची पातळी सांगणाऱ्या आकड्याचा, दाखला आपल्या गोल्फ संस्थेकडून आधीच मागून घ्यावा, विमान कंपनीकडे गोल्फच्या पिशवीची नोंद तिकिटाबरोबरच करावी, आणि जूनमध्ये स्कॉटलंडला निघालात तरी लोकरी स्वेटर न्यावाच. यंदाही मेच्या मध्यापर्यंत मी दर बुधवारी दुपारी राजबागला असेन, आणि तोच तरुण कॅडी बरोबर असला तर या खेपेला पाच नंबरच काढेन.

नमस्कार.