वर्खाच्या धुवणातलं सोनं

नमस्कार श्रोतेहो.

कोविडच्या दिवसांत घरोघरी एक पांढरी प्लॅस्टिकची पट्टी येऊन पडली होती, आठवतं ना? नाकात फिरवलेला बोळा द्रावणात घोळायचा, पट्टीवर थेंब सोडायचे आणि सगळं घर तिच्याकडे डोळे लावून बसायचं. ‘सी’समोर एकच रेघ आली की हायसं वाटायचं. ‘टी’समोर दुसरी उमटली की त्या माणसाचं अंथरूण मागच्या खोलीत. गरोदरपणाच्या चाचणीची पट्टी तर त्याच्या कितीतरी आधीपासून औषधांच्या दुकानात मिळते. तिथंही तीच गुलाबी रेघ.

ती गुलाबी रेघ बहुतेक पट्ट्यांमध्ये सोन्याची असते. हो, सोन्याची. तुमच्या-आमच्या अंगावरचं जे सोनं, तेच. फक्त त्याचे कण इतके बारीक केलेले असतात की त्याचा पिवळा रंग जातो आणि ते लाल दिसू लागतं. किती बारीक? एका मिलिमीटरचे 10 लाख भाग करा, त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. पट्टीतले सोन्याचे कण साधारण 20 ते 40 नॅनोमीटरचे. आपल्या रक्तातली तांबडी पेशी 7,000 नॅनोमीटरच्या आसपास असते, म्हणजे त्या पेशीपुढेही हा कण चिमुकलाच. पुन्हा सांगतो: सोनं तेच, आकार लहान झाला आणि रंग पालटला.

आता हे पहिल्यांदा कुणाच्या लक्षात आलं, ती हकिगत सांगतो. मला ती फार आवडते.

मायकेल फॅरेडे हे नाव विजेच्या धड्यात सगळ्यांनी वाचलेलं असतं. लोहाराचा मुलगा, बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला. बांधायला आलेली पुस्तकं वाचत वाचत शिकला आणि 1813 मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये प्रयोगशाळेतला मदतनीस म्हणून लागला. ही गोष्ट मात्र त्याच्या उतारवयातली, 1856 सालची. साठी उलटून गेलेली, विजेचं मोठं काम मागे पडलेलं. अशा वयात त्याला प्रश्न पडला तो सोन्याच्या वर्खाचा. वर्ख समोरून पिवळा चमकतो, पण उजेडासमोर धरला तर त्यातून आरपार येणारा प्रकाश हिरवट दिसतो. असं का? प्रकाश आणि धातू यांचं आपसात नेमकं काय चालतं? या प्रश्नाचा कुणाला काही उपयोग होता का? त्या घडीला कुणालाच नव्हता.

वर्ख काचेवर चढवून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पण मुळात वर्खच त्याला जाड वाटू लागला. मग रसायनं वापरून तो आणखी पातळ करायचा, धुवायचा, पुन्हा पाहायचं, असं सुरू झालं. हे करताना त्याला दिसलं की धुतलेल्या पाण्याला फिकट माणकासारखी लाली येतेय. श्रोतेहो, इथं जरा थांबू या. धुवण आपण काय करतो? मोरीत ओततो. फॅरेडेनं ते बाटलीत भरून ठेवलं, आणि दैनंदिनीत त्याची नोंद केली. या माणसाची दैनंदिनी म्हणजे क्रमांक घातलेले 16,000 हून अधिक परिच्छेद! आपल्या शाळांतून प्रयोगवही आधीच्या वर्षीच्या मुलाची बघून उतरवायची जी रीत पडलीय, ती मला मनापासून खुपते. पाहिलं काय, ते आपल्या शब्दांत लिहायचं, ही सवय एकदा मोडली की मुलाचे डोळे असूनही मिटतात. आणि प्रयोगशाळेच्या कपाटाला बारा महिने कुलूप कशासाठी? चार परीक्षानळ्या फुटल्या तर फुटू देत. असो.

तर ते लाल पाणी. वरून पाहिलं तर सरबतासारखं नितळ. फॅरेडेनं भिंगातून त्यात उजेडाचा झोत सोडला, तशी झोताची वाट पाण्यात स्पष्ट उजळून दिसली. कवडशात धूळ चमकावी तशी. साखर विरघळावी तसं सोनं विरघळलेलं असतं, तर झोत असा दिसला नसता. म्हणजे पाण्यात कण तरंगत होते, सूक्ष्मदर्शकाच्याही टप्प्यात न येणारे. मग तो मुद्दाम हे पाणी बनवू लागला. सोन्याच्या क्षाराचं पातळ द्रावण घ्यायचं आणि त्यात थोडा फॉस्फरस घालायचा, की लाल रंग तयार. त्यात मीठ टाकलं आणि लालाचं निळं-जांभळं झालं! नवं सोनं काही आलं नव्हतं, होतं तेही कुठं गेलं नव्हतं. मिठामुळे कण एकमेकांना चिकटले, मोठे झाले, आणि रंग बदलला. 5 फेब्रुवारी 1857 रोजी रॉयल सोसायटीपुढे व्याख्यानात त्यानं हेच मांडलं, की कणांचा आकार बदलला एवढ्यानं रंग बदलतो. एकही कण डोळ्यांनी दिसत नसताना मांडलं. त्याच्या त्या बाटल्यांपैकी काही अजून रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आहेत, आणि दीडशेहून जास्त वर्षांनीही आतलं पाणी लाल आहे.

लाल का दिसतं, याचं गणित 1908 मध्ये जर्मनीत ‘गुस्ताव मी’ नावाच्या शास्त्रज्ञानं सोडवलं. कण प्रत्यक्ष दिसायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक यावा लागला. 1951 मध्ये अमेरिकेत जॉन टर्केविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याखाली ते पाहिले, आणि सोन्याच्या क्षाराचं उकळतं द्रावण घेऊन त्यात सायट्रेट घालायची सोपी कृती अभ्यासून दाखवली. लिंबात असतं त्या सायट्रिक आम्लाचाच हा क्षार. जगभरच्या प्रयोगशाळांत आजही सोन्याचे कण असेच बनवतात.

आता आपल्या पट्टीकडे. सोन्याच्या कणावर प्रथिनं सहज चिकटतात, म्हणून त्यावर प्रतिपिंड बसवतात. प्रतिपिंड म्हणजे एकच विशिष्ट रेणू ओळखून पकडणारं प्रथिन. कोविडच्या पट्टीत ते विषाणूचं प्रथिन पकडतं, गरोदरपणाच्या पट्टीत एचसीजी हे संप्रेरक. थेंब कागदातून पुढे सरकतो, सोबत सोनंही सरकतं. ‘टी’च्या जागी दुसरे प्रतिपिंड दबा धरून बसलेले असतात. ते सापडलेला रेणू धरतात, आणि त्याला लटकलेलं सोनं तिथंच अडकतं. लाखो कण एका रेषेत जमले की आपल्याला गुलाबी रेघ दिसते. लघवी खारट असते, मग फॅरेडेच्या बाटलीसारखं इथलं सोनं निळं का होत नाही? प्रथिनाचं आवरण त्याला सांभाळतं म्हणून. आणि ‘सी’ची रेघ उमटली नाही तर ती पट्टी वाया, निकाल धरायचा नाही. हे पुन्हा सांगतो, कारण लोक विसरतात: ‘सी’ नाही तर निकाल नाही.

औषधातही आकाराचीच करामत. डॉक्सोरुबिसिन हे कॅन्सरचं जुनं औषध गुणकारी, पण हृदयाला जपावं लागतं. ते साधारण 100 नॅनोमीटरच्या मेदाच्या पिशवीत भरलं, तर हृदयावरचा त्रास कमी होतो. अशा औषधाला अमेरिकेत 1995 मध्ये मान्यता मिळाली. तरी अशा पिशव्यांतलं औषध गाठीपर्यंत फार थोडंच पोचतं, बरंचसं यकृत आणि प्लीहा गिळून टाकतात. संशोधक आज झगडताहेत ते याच्याशी. म्हणून ज्या डबीवर नुसतं ‘नॅनो’ लिहिलंय ती भारी, असं समजून पैसे घालवू नका. आत काय आहे आणि कशावर तपासलंय ते डॉक्टरांना विचारा.

कोविडच्या एमआरएनए लसी अशाच मेदाच्या कणांत गुंडाळून आल्या. एमआरएनए म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणारा रेणू, आणि तो उघडा असला तर शरीरात टिकत नाही. फायझरची लस सुरुवातीला उणे 70 अंशांच्या आसपास ठेवावी लागायची. इतक्या थंडीची सोय आपल्या तालुक्यात कुठून आणायची? पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनं आपली एमआरएनए लस गोठवून वाळवली, भुकटीच्या रूपात. 2022 मध्ये तिला आपत्कालीन मंजुरी मिळाली, आणि 2023 मध्ये ओमायक्रॉनसाठीची आवृत्ती आली, तीही सुईविना कातडीत देण्याची. ही लस 2 ते 8 अंशांत राहते. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोलिओचे डोस ज्या फ्रीजमध्ये ठेवतात, त्यातसुद्धा ती ठेवता येईल.

नमस्कार.