पाऊस आला की तोर्ता फ्रिता

नमस्कार मंडळी. आज तुम्हाला दक्षिण अमेरिकेतल्या उरुग्वेला घेऊन जाते, आणि तेही ऑगस्टमध्ये. तिकडे सगळं उलटं, हे आधी डोक्यात पक्कं करा. डिसेंबर ते फेब्रुवारी त्यांचा उन्हाळा, जून ते ऑगस्ट थंडी. परत सांगते, आपल्याकडे पावसाळा तेव्हा त्यांच्याकडे हिवाळा.

पुंता देल एस्ते या समुद्रकाठच्या शहराचं नाव काही जणांनी ऐकलं असेल. राजधानी माँटेव्हिडिओहून बसने साधारण दोन तास. जानेवारीत अर्जेंटिना-ब्राझीलची पैसेवाली मंडळी येतात, पाय ठेवायला जागा नसते. तिथे वाळूतून वर आलेली पाच मोठी बोटं आहेत ना, चिलीचे शिल्पकार मारिओ इरार्राझाबाल यांनी १९८२ साली केलेली, त्यांच्यापाशी सीझनमध्ये फोटोला गर्दी असते. मी गेले तेव्हा मी आणि एक कुत्रा, बस. टॉवरच्या टॉवर अंधारात, दुकानांची शटरं खाली, आणि बंदरावर मासे कापायच्या टेबलांखाली सी लायन तुकड्याची वाट बघत लोळलेले. ऐटीत.

सीझन नसतानाच जावं, कोकणाचंही मला असंच वाटतं बघा, जुलैत मालवण-वेंगुर्ल्याला जाऊन या, मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, पण माणसं निवांत भेटतात. डिसेंबरात ती आपल्याला वाढण्यातच दमलेली असतात. असो.

तर पुंता देल दिआब्लो. ब्राझीलच्या सीमेकडचं कोळ्यांचं गाव, माँटेव्हिडिओपासून ३०० किलोमीटर. बसने गावाबाहेर सोडलं आणि पाऊस सुरू झाला, आडवा, वाऱ्याबरोबरचा. चालत गेस्टहाऊसवर पोचले तर दाराला कुलूप, फोन कोणी उचलेना. वाळूच्या रस्त्याला दोन्हीकडे रंगीत लाकडी घरं, सगळी बंद, फक्त एका घराच्या धुराड्यातून धूर येत होता, म्हणून सरळ गेले आणि दार वाजवलं.

एका आजींनी दार उघडलं. माझ्याकडे बघितलं, आभाळाकडे बघितलं, हाताला धरून आत घेतलं आणि म्हणाल्या, पाऊस पडतोय, तोर्ता फ्रिता करतेय. आपल्याकडे पाऊस आला की भजी, तसं उरुग्वेत पाऊस आला की तोर्ता फ्रिता! पूर्वी पावसाचं पाणी साठवून त्यातच पीठ मळायचे, म्हणून ही सवय पडली असं म्हणतात. मैदा, मीठ, मोहन, हे तुम्हाला सांगायला नको. पुरीपेक्षा जाड लाटायची आणि मधोमध बोटाने भोक पाडायचं, म्हणजे मध्ये कच्ची राहत नाही. मूळ पद्धतीत गाईच्या चरबीत तळतात, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारावं. मी विचारलं, तर आजींनी एक शब्द न बोलता चरबीचं भांडं बाजूला सारलं आणि दुसऱ्या कढईत तेल ओतलं. माझ्यासाठी चार वेगळ्या तळल्या.

मग माते आला. कडू पाल्याचा काढा, एकच भोपळ्याचं भांडं, एकच धातूची नळी, सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचं. मी पिऊन भांडं परत देताना म्हटलं, ग्रासियास, म्हणजे धन्यवाद. पुढची पाळी आली, मला वगळलं. त्याच्या पुढचीही गेली. शेवटी आजोबांनी समजावलं, माते परत देताना ग्रासियास म्हटलं की त्याचा अर्थ, आता पुरे, मला नको. लक्षात ठेवा मंडळी, हवा असेल तर गप्प राहून भांडं परत द्यायचं. गप्प राहायचं!

रात्री त्यांनीच झोपायला खोली दिली. तुम्ही जाल तेव्हा दोनच गोष्टी: बस कमी असतात म्हणून परतीची वेळ उतरतानाच विचारा, आणि रोख पैसे जवळ ठेवा. रोख पैसे.

सकाळी पाऊस थांबला होता. आजोबा थर्मास काखेत मारून मला वाळूच्या टेकडीवर घेऊन गेले आणि समुद्राकडे बोट केलं. आधी काहीच दिसेना. मग फवारा उडाला, दोन फाट्यांचा, आणि काळी पाठ वर आली, पाठीवर पर नाही. राइट व्हेल, शेजारी पिल्लू. हिवाळ्यापासून वसंतापर्यंत त्या या किनाऱ्याजवळ येतात, जानेवारीच्या गर्दीला त्या दिसतच नाहीत. तासभर बसलो आम्ही. आजोबा माते भरत होते, मी गप्प राहून भांडं परत देत होते, आणि थर्मास संपला तेव्हा म्हटलं, ग्रासियास.