घरातला साक्षीदार

ओव्हल मैदानासमोरच्या या दगडी इमारतीत, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयात, १८ जानेवारी २०२२ रोजी रेणुका शिंदे आणि सीमा गावित या बहिणींची फाशी जन्मठेपेत बदलली गेली.

या कुटुंबाचा मूळ धंदा पाकीटमारीचा. आई अंजनाबाई गावित, तिच्या दोन मुली आणि रेणुकाचा नवरा असे चौघे जत्रा, देवळे आणि एसटी स्थानकांच्या गर्दीत हात मारत असत. १९९० च्या सुमारास चोरी करताना सापडलेली रेणुका कडेवरच्या तान्ह्या मुलाकडे पाहून लोकांनी सोडून दिली, आणि तेथून पुढे मूल ही या घराची ढाल झाली. पोरे पळवायची, गर्दीत वापरायची आणि जड होऊ लागली की मारून टाकायची. खटला १३ मुलांच्या अपहरणाचा चालला. पाच मुलांच्या खुनाचा दोष सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिला.

घराला पहिला तडा नात्यातूनच गेला. अंजनाबाईच्या नवऱ्याने दुसरा संसार मांडला होता. त्या संसारातली मुलगीही पळवून मारण्यात आली आणि तिच्या आईच्या संशयावरून १९९६ मध्ये हे सारे पकडले गेले.

पण न्यायालयात सांगणार कोण? पाहणारी माणसे घरचीच होती. तेव्हा जावई माफीचा साक्षीदार झाला. गावाकडे अशा माणसाला घरभेदी म्हणतात. २०२४ पर्यंत लागू असलेल्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३०६ ने मात्र, त्याने सारे खरे सांगावे या अटीवर, त्याला क्षमा मिळे. तरीही तेव्हाचा भारतीय पुरावा कायदा गुन्ह्यातल्या सोबत्याच्या शब्दाला स्वतंत्र दुजोरा शोधायला सांगे, आणि त्याच्या कलम १२२ प्रमाणे पती-पत्नीतले खाजगी बोलणे सहसा न्यायालयात आणता येत नसे. नवऱ्याने डोळ्यांनी पाहिलेले कृत्य मात्र सांगता येई. संसारातली कुजबुज झाकून त्याच संसारातले कृत्य उघडे करणारी ही रेघ मला विलक्षण वाटते.

अंजनाबाई खटला संपण्याआधीच कोठडीत वारली. बहिणींना २००१ मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०१४ मध्ये राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. दयेच्या अर्जांवर सरकारी यंत्रणेने सात वर्षांहून अधिक काळ घालवला, आणि याच विलंबापायी उच्च न्यायालयाने फाशी रद्द केली. पंचवीस वर्षे तुरुंगात काढली, आता मोकळे करा, ही बहिणींची मागणी मात्र त्याच निकालात फेटाळली गेली. जावई तोवर केव्हाच सुटला होता.