तेलाची रिकामी मडकी

नमस्कार, श्रोतेहो.

रोममध्ये तिबर नदीच्या काठी टेस्टाचो नावाची वस्ती आहे. तिथली जुनी मंडई 2012 साली नव्या जागी गेली. त्या नव्या जागेखाली खोदलं, तर रोमन काळातली वखारीची आवारं निघाली. आणि तिथल्या काही भिंती मडक्यांच्या! हो, विटांच्या नाही, मडक्यांच्या. अँफोरा म्हणतात त्यांना: दोन कान, निमुळता तळ. दारू, तेल, माशाचं कालवण, सगळा माल त्यांतूनच यायचा. माल संपला की रिकामी मडकी एकावर एक रचायची, झाला आडोसा तयार. आज वर भाजीचे गाळे आणि खाली ही मडकी.

आता एक लक्षात ठेवा. मडकी पुन्हा वापरायची, पण तेलाची नाही. तेलाची नाही! मातीत मुरलेलं तेल खवट होतं, हे तुम्हाला काय सांगायचं? ती मडकी फोडायची आणि एका बाजूला टाकायची. वास मारायला वर चुना. असं करता करता डोंगर झाला. मंडईच्या शेजारी आजही उभा आहे, मोंते टेस्टाचो. उंची सुमारे 35 मीटर, घेर जवळजवळ एक किलोमीटर. पाच कोटींच्या वर मडकी असावीत, असा अंदाज आहे. एकेकात सत्तरेक लिटर तेल, बरंचसं दक्षिण स्पेनचं.

आणि या डोंगराचाच तो किस्सा. मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मध्ययुगातली गोष्ट. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपास असतो, तो सुरू होण्यापूर्वी हात मोकळे सोडून मौज करायची, म्हणजे कार्निव्हल. तर कार्निव्हलला अख्खं रोम या खापराच्या डोंगराशी लोटायचं. माथ्यावर गाड्या न्यायच्या. गाड्यांत काय? जिवंत डुकरं! आणि द्यायच्या गाड्या ढकलून. उतारावर चाकं धडधडतायत, गाड्या उलटतायत, डुकरं किंचाळतायत, आणि पायथ्याशी लोक हत्यारं घेऊन टपलेले. गाडी खाली आली रे आली की झुंबड! ज्याच्या हाताला जे लागेल ते त्याचं. बैलांचेही असेच हाल. ही धर्मनगरी बरं का, पोपमहाराजांची! आणि खर्च कोणाचा? तो शहरातल्या ज्यूंकडून सक्तीने वसूल व्हायचा. सण आपला आणि वर्गणी दुसऱ्याच्या खिशातून. आमच्या गल्लीत दरवर्षी पावतीपुस्तक घेऊन येणारी मुलं पाहिली की मला टेस्टाचो आठवतं, आणि मी दार जरा उशिराच उघडतो. असो. पंधराव्या शतकात दुसरा पॉल नावाच्या पोपने कार्निव्हलच्या शर्यती शहरातल्या लांबसडक सरळ रस्त्यावर नेल्या, आणि डोंगराचं महत्त्व ओसरलं.

शतकानुशतकं लोक त्या खापरांवर नाचले, ती वाचली मात्र हाइनरिश ड्रेसेल या जर्मन अभ्यासकाने, 1872 पासून. मडक्यांवर शाईने लिहिलेलं असे: रिकाम्या मडक्याचं वजन, आतल्या तेलाचं वजन, व्यापाऱ्याचं नाव, तपासणीचा शेरा, साल. बघा, रिकाम्याचं वजन वेगळं, तेलाचं वेगळं. आणि आपण? लिटरची पिशवी घेतो, वर 910 ग्रॅम लिहिलेलं असतं, तेही बारीक अक्षरात. तेल वजनावरच घ्यावं, हे माझं ठाम मत आहे.

अशा रोमन अँफोरांची खापरं आपल्या नेवाशालाही मिळाली आहेत. तिथे आली ती दारूची, तेलाच्या डोंगरातली नव्हेत. पण डुकरांनी बराच वेळ खाल्ला, घड्याळ पुढे गेलंय. नेवाशाचं पुढच्या भागात. नमस्कार.